अर्धा सूर खाली

५ नोव्हेंबर

श्री. भाऊसाहेब यांस,

पत्र कामाचं आहे, तेव्हा उगाच छातीत धडधडून घेऊ नकोस. कोणी गेलेलं नाही. फोन करत नाही, कारण फोनवर आपलं लगेच बिनसतं आणि मग आधी कोणी आपटला यावर पुढचं वर्ष जातं.

तर काम असं. तुझ्या कारखान्यात बनलेला तो बुटका पियानो, जो तू आईला दिलास आणि ज्याच्यापायी या घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, त्याच्या पट्ट्या मरायला लागल्या आहेत. दाबली की खाली जाते आणि आवाज शून्य. आधी एक, मग तिच्या शेजारची, आता मधल्या भागात नुसते दात पडल्यासारखं झालंय. खालची फळी काढून बॅटरी मारली तर तळाशी पिवळट चुरा. बघितल्याबरोबर कपाळावर हात मारला. तुमची ती प्लॅस्टिकची कोपरं!

माणसांच्या पियानोत हातोड्यांचं यंत्र पट्ट्यांच्या वर असतं, सरळ हात घालता येतो. तुम्हाला उंची वाचवायची होती, म्हणून तुम्ही सगळं यंत्र पट्ट्यांच्या खाली पोटात ढकललंत, आणि प्रत्येक पट्टीपासून तिथवर एक तार, आणि तारेच्या टोकाला प्लॅस्टिकचं एवढंसं कोपर. ते आता बिस्किटासारखं झालंय. बोट लावलं की भुगा. ज्या शहाण्याने हे डोक्यातून काढलं, त्याला एकदा तरी पाठीवर झोपून त्या पोटात हात घालायला लावायला हवं होतं.

आमच्या पियानो सुरात लावायच्या धंद्यात तुमच्या मालाची कीर्ती काय आहे, माहीत आहे? गिऱ्हाइकाचा फोन येतो, "कमरेएवढा आहे, तपकिरी, पुढचे पाय बारीक," आणि शहरातल्या सगळ्या ट्यूनरांची एकदम पाठ धरते. लंबू, जो तुझ्याबरोबर बाबांकडे शिकला, तो तर सरळ सांगतो की मी परगावी आहे. आणि हे घरच्या फोनवरून!

कारखाना बंद झाला, सुटे भाग कुठे मिळत नाहीत. तुझ्याकडे असणार. तुला काही टाकून देता येत नाही, हे मला माहीत आहे. एक पूर्ण संच पाठव.

आई बरी आहे.

ताई

ता. क. बरी आहे म्हणजे आजारपणानंतर जशी आहे तशी. शब्द सापडत नाहीत. मला "बाई" म्हणते, तुम्ही कुठल्या विचारते. फक्त दुपारच्या चहानंतर पियानोवर बसली की तेवढा वेळ ती आपली आई असते. वाजवता वाजवता मान न वळवता म्हणते, "ठमे, दार लाव, वारा येतोय." दिवसभरात माझं नाव मला तेवढ्यातच मिळतं. म्हणून घाई आहे. लवकर पाठव.


१८ नोव्हेंबर

भोंग्या,

पार्सल मिळालं. प्रत्येक कोपर वेगळ्या कागदात गुंडाळलंयस, लहानपणी गोट्या ठेवायचास तसं. हसू आलं. मग आत तुझी चिठ्ठी सापडली आणि हसू गेलं.

"ताई, कोपर बदल, पण सुराला हात लावू नकोस. आईला तो तसाच हवा आहे."

वा! म्हणजे आता तू मला शिकवणार. तुला ठाऊक आहे का तुझा पियानो कुठे येऊन पोचलाय? अर्धा सूर खाली. एका पट्टीचा फरक, आणि अख्खाच्या अख्खा. एखादी तार नव्हे, डावीकडून उजवीकडे सगळा, खाट खचावी तसा खचलाय. बाबांचा सूरकाटा गुडघ्यावर मारून कानाशी धरला आणि त्याच्या सुराची पट्टी वाजवली, तर दोघांची ओळखसुद्धा नाही. खचणारच. तारांच्या खुंट्या ज्या फळीत बसवल्यात ते लाकूड आहे की पुठ्ठा, देवाला माहीत. चावीने ताणा, सोडा, की खुंटी आपली हळूच मागे येते, न बोलावलेल्या पाहुण्याला उठवून लावल्यावर तो परत बसतो तशी.

तुला आठवतं का? जुनं घर सोडलं, या जागेचा जिना अरुंद, बाबांचा मोठा पियानो वर चढेना, म्हणून तो शाळेला दिला. आणि तू दिमाखात हा घेऊन आलास. बाबांनी झाकण उचललं, एक खुंटी फिरवून पाहिली आणि झाकण लावलं. "लोण्यात खिळा ठोकलाय. मी याला हात लावणार नाही." तू पण तुझ्या बापाचाच. "बाबा हा लावतील त्याच दिवशी मी या घरात पाऊल टाकीन." एकाने हात लावला नाही, दुसऱ्याने पाऊल टाकलं नाही, आणि मी मध्ये सँडविचमधल्या काकडीसारखी. आई वाजवायला बसली की बाबा चप्पल घालून फिरायला जायचे. ऐकवायचं नाही त्यांना.

ते गेले तेव्हाही तू आला नाहीस. हे लिहिणार नव्हते. लिहिलं गेलं.

कोपर मी रविवारी बदलते. एकेक तार दोऱ्याने वर बांधायची, मग ते यंत्राचं धूड बाहेर काढायचं, मग परत आत घालताना त्या सगळ्या तारा एकमेकींच्या झिंज्या धरणार. नाकी नऊ येणार आहेत. आई शेजारी खुर्चीत बसेल. ती मला दुरुस्तीवाली समजते. समजू दे.

ताई


२७ नोव्हेंबर

भोंग्या,

कोपरं बसली. सगळ्या पट्ट्या बोलतात. पाठ गेली आहे, पण ते असो.

आईला थोडी सर्दी आहे, म्हणून वाजवत नाही. दोन दिवसांत बसेल.

आणखी विशेष काही नाही. तुमच्याकडे थंडी कशी आहे?

ताई


८ डिसेंबर

भोंग्या,

तुझी एका ओळीची चिठ्ठी. "सर्दी झाली की आई उलट जास्त वाजवते. ताई, सूर चढवलास ना?"

हो, चढवला. बस? मिळालं समाधान?

सांगते सगळं. पोटात ठेवून मला जेवण जात नाही. सिस्टर, म्हणजे दिवसा आईजवळ असते ती, आईला तपासायला घेऊन गेली, आणि मी घर रिकामं बघून बाबांची चावी काढली. सैल खुंट्या बाहेर काढल्या, भोकात सँडपेपरच्या पट्ट्या घातल्या, परत ठोकल्या. मग एक फेरी, वर. परत खाली बसला. दुसरी फेरी. खर्जातली एक तार तुटली आणि सटकन चष्म्यावर आली. डोळा वाचला. तार बदलली, तिसरी फेरी. आणि तुझ्या कारखान्याच्या नाकावर टिच्चून तो पियानो सुरात उभा राहिला. काटा वाजवला, पट्टी वाजवली, दोघं एक झाले. मी खोलीत एकटी "बाबा, बघा!" असं मोठ्याने म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात डोकावून विचारलं, कोणी आलंय का.

आई आली. चहा झाला. बसली, बाही सावरली, आणि पहिली ओळ वाजवली. थांबली. मला वाटलं, आता म्हणेल, ठमे, काय गोड लागलाय गं. तिने हात उचलून पट्ट्यांकडे बघितलं, कोणी त्यांच्या जागा बदलल्यात की काय असं. मग एक पट्टी डावीकडे सरकून तेच वाजवायला गेली. बोटं काळ्यापांढऱ्यात अडकली. परत गेली, परत अडकली. जन्मभर जे हात न बघता चालले, ते रस्त्यात चष्मा हरवलेल्या माणसासारखे चाचपडायला लागले. मला बघवेना. शेवटी तिने झाकण लावलं, अगदी हळू, आणि मला म्हणाली, "बाई, हा आमचा नाही. आमचा कुठे ठेवलात?"

तेव्हापासून बसलेली नाही. चहा होतो, ती पियानोकडे बघते आणि दुसऱ्या खोलीत जाते. आणि माझं नावही गेलं ते गेलंच.

आता तू सांग. तुला काय माहीत होतं? माहीत होतं तर "तसाच हवा आहे" एवढं कोड्यात का लिहिलंस? मला वाटलं, स्वतःच्या भिकार मालाची बाजू घेतोयस. दुसरं काय वाटणार? आणि हेही सांगून टाकते, म्हणजे तुला मी फार थोर वाटायला नको. वाजवताना ती मला एकदा हाक मारते, पण तुला तीनदा. "भोंग्या, पाठ ताठ." "भोंग्या, घाई नको." मी तिथे उभी, आणि तू तिथे नाहीस. मला वाटलं, बाबांचा सूर परत आणला तर तिला जुनं घर आठवेल, जिथे मी पण होते. म्हणून केलं. मत्सर म्हण. आहेच तो.

उत्तर लिही. लगेच.

ताई


१३ डिसेंबर

आई आज घरातून निघून गेली. सापडली आहे, सापडली आहे, आधी ते वाच.

सिस्टर दूध गरम करत होती, मी कामावर. दार उघडं. मला शाळेत निरोप आला तेव्हा मी तिथल्या पियानोच्या आत डोकं घालून बसले होते. तशीच धावले, चावी हातात. रस्त्यात लोक बघत होते, या बाईच्या हातात हे काय हत्यार. मंडई बघितली, बाग बघितली. तोंडचं पाणी पळालं होतं रे. नदीच्या पुलावर जायला पाय धजेना आणि न जाऊन चालेना.

बसस्टॉपवर होती. घरातल्या सपाता, काखेत स्वरलिपीची पुस्तकं, आणि शेजारी एक कंडक्टर, ज्याने स्वतःची बस सोडली पण तिला सोडलं नाही. ती त्याला सांगत होती, "मला घरी जायचंय. माझा पियानो तिकडे आहे. इथे दुसऱ्यांचा आहे." मला बघून म्हणाली, "या बाई दुरुस्तीला येतात."

डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले. म्हणाले, घर परकं वाटायला लागलं की अशी माणसं पुन्हा पुन्हा निघतात, पुढच्या वेळी कंडक्टर भेटेलच असं नाही. तिला एखाद्या ठिकाणी ठेवायचा विचार करा, जिथे दाराला कुलूप असतं. "विचार करा" म्हणाले, अगदी मऊ आवाजात. मी हो हो म्हटलं. ते गेल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

मी फोन उचलला, तुझा नंबर लावला आणि तू "हॅलो" म्हणायच्या आत ठेवला. तो फोन माझा होता.

लिही काहीतरी.

ताई


२० डिसेंबर

भोंग्या,

तुझं पत्र आलं. एवढं लांब पत्र तू आयुष्यात कोणाला लिहिलं नसशील. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि गॅसवरचं भांडं करपलं.

म्हणजे बाबा फिरायला गेले आणि मी कामावर असले की आई तुला फोन करायची! आणि रिसीव्हर पियानोवर ठेवून तुला वाजवून दाखवायची. इतकी वर्षं. बाबा बिचारे कोपऱ्यावर वर्तमानपत्र वाचत उभे, ऐकू नये म्हणून, आणि तू तिकडे कानाला लावून बसलेला. मला आधी राग आला, मग हसू, मग दोन्ही. एकाच घरात राहून मला पत्ता नाही, याला काय म्हणायचं?

आणि ती तुला म्हणाली ते मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. "रेडिओवर हल्ली सगळे चढे वाजवतात रे. दारावरची घंटासुद्धा चढली. तुझा पियानोच तेवढा जागेवर आहे."

वय झालं की पक्क्या कानाच्या माणसांना कधी कधी सगळं चढं ऐकू येतं, हे बाबा एकदा बोलले होते. एका म्हाताऱ्या वादकाचं सांगत होते, ज्याने त्यापायी वाजवणंच सोडलं. मी ते कुणाचं तरी म्हणून ऐकलं आणि विसरले. आपल्या आईचा कान म्हणजे घड्याळ, तो कशाला पुढे जाईल! तर तो जात होता. थोडा थोडा. आणि तुझ्या पियानोच्या खुंट्या तेवढ्याच थोड्या थोड्या सुटत होत्या. तिचा कान वर, तो खाली, दोघं एकमेकांना धरून सरकत राहिले. चांगला पियानो असता तर केव्हाच तिच्यापासून सुटला असता.

मला ती बोलली नाही, याचं कारण मला कळतं. घरात दोन ट्यूनर. त्यांना कसं सांगणार, की माझा कान गेला? लाजली असणार. तुला सांगितलं, कारण तू लांब होतास आणि ज्याच्या पियानोला सगळे हसतात त्याच्यापुढे कसली लाज.

तरी माझा विश्वास बसेना. स्वभाव. म्हणून काल चहाच्या वेळी बाबांचा काटा काढला, गुडघ्यावर मारला आणि आईच्या कानाशी धरला. काही बोलले नाही. तिने डोळे मिटले. मग चेहरा असा केला, जसा शिकवणीच्या मुलांनी सूर चुकवल्यावर करायची, रागाचा नव्हे, दुखल्याचा. म्हणाली, "चढलाय. यांना सांगा, काटा बिघडला."

पोलादाचा काटा! तो तसाच आहे. मी तो परत डबीत ठेवला.

तू लिहितोस, सूर परत खाली आण, अगदी सोपं आहे. सोपं आहे, शहाण्या, पण ती मला पियानोजवळ येऊ देत नाही. चावी दिसली की स्टुलावर जाऊन बसते, पाठ मला, दोन्ही हात झाकणावर. काल मी जरा जवळ गेले तर ओरडली, "चोर! चोर!" वरचे काका काठी घेऊन खाली आले. त्यांना काय सांगू, मी हिची मुलगी आहे?

आणि तिला बाहेर नेऊन गुपचूप करायची आता माझी छाती होत नाही. गेल्या वेळी तेच केलं होतं. ती परत आली आणि घर बदललेलं. पुन्हा तसंच झालं आणि काही चुकलं, तर ती कायमची निघेल. डॉक्टरांनी त्या कुलपाच्या जागेचा फोन नंबर टेबलावर ठेवलाय. मी त्याच्यावर फुलदाणी ठेवली आहे.

गंमत ऐक. जन्मभर मी खुंट्या घट्ट राहाव्यात म्हणून मरमर केली. आता रोज सकाळी आई उठायच्या आत एकेक पट्टी हळूच दाबून बघते, सुटली का? आणि सुटत नाहीत! सँडपेपर घातला ना मी. माझंच काम इतकं चांगलं व्हायची ही काय वेळ आहे?

ताई


२९ डिसेंबर

भोंग्या,

घाईत लिहिते आहे. सिस्टर जायच्या आत टपालात टाकायचंय.

वरच्या भागातल्या काही खुंट्यांना मी सँडपेपर घातला नव्हता. त्या आपल्या स्वभावावर गेल्या. परवा चहानंतर आई उठली, झाकण उघडलं आणि एका बोटाने एकेक पट्टी दाबत गेली, आमटीचं मीठ बघावं तशी. बहुतेकींवर मान हलवली, नाही. नाही. नाही. मग एक सुटलेली लागली, आणि तिथे थांबली. परत दाबली. "ही आमची," म्हणाली. पुढे आणखी एक. "ही पण." मी दारात उभी. जी पट्टी माझ्या कानाला रडकी, ती तिची, आणि जी मी जीव तोडून लावली, ती परक्यांची.

तेव्हा मला एक आठवलं. आई मुलांना शिकवायची तेव्हा पट्टीला हात लावू द्यायची नाही, आधी तो सूर गाऊन दाखव म्हणायची. तुझा भोंगा तिथेच तर सुरू झाला. मी काय केलं, चावी मागे धरून तिच्या शेजारी जमिनीवर बसले, मुलं बसायची तशी. आणि म्हटलं, "बाई, मला सूर सापडत नाही. तुम्ही देता?"

आईला मी "बाई" म्हटलं, भोंग्या. आपल्याच आईला. शिकायला येणारी मुलं म्हणायची तसं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग पाठ ताठ केली आणि गायली. आवाज फाटला आहे, पण सूर सुईसारखा. मी हळूच काटा काढून कानाशी लावला. बरोब्बर अर्धा सूर खाली. काटा डबीत टाकला. चावी पुढे आणली तर ती दचकली, हात झाकणाकडे गेला. मी म्हटलं, "तुम्ही गा, मी तुमच्याकडे आणते. नको म्हणालात की थांबते." ती गात राहिली. मी खुंटी खाली घेतली, आणखी थोडी, आणखी. तिने हात उचलून "बस" केलं. पट्टी दाबून बघितली आणि मान डोलावली.

मग काल सगळी दुपार तेच. ती सूर द्यायची, मी उतरवायची. मी एकदा जरा जास्तच खाली गेले तर टपली मारली मला! डोक्यावर! सिस्टर म्हणाली जेवण, आम्ही दोघींनी तिच्याकडे असं बघितलं की ती परत गेली. काल अर्धा राहिला, आज पुरा झाला. जगातल्या कुठल्याही ट्यूनरने बघितला तर मला धंद्यातून काढतील. लंबूला मी सांगणार नाही आणि तूही सांगू नकोस.

आज चहा झाला. आई बसली, बाही सावरली. मी दारात. माझं काळीज इतकं वाजत होतं की त्याच्यावर ताल धरता आला असता. पहिली ओळ गेली. थांबली नाही. दुसरी गेली. बोटं न बघता चालायला लागली, आणि मान न वळवता ती म्हणाली, "ठमे, दार लाव, वारा येतोय."

दार बंदच होतं. मी ते उघडलं आणि परत लावलं, तिला आवाज यावा म्हणून.

मग म्हणाली, "यांना सांग, झालं माझं. वर या म्हणावं आता, किती वेळ उभे राहाल." म्हणजे तिला माहीत होतं रे, बाबा लांब कुठे जायचे नाहीत, खालीच कोपऱ्यावर उभे असायचे. मी हो म्हटलं.

आणि मग ते आलंच, जे येणार हे मला ठाऊक होतं. "भोंग्या कुठाय?"

आता नीट ऐक. या खुंट्या मी इतक्या वेळा फिरवल्यात की त्यांचा काही भरवसा नाही. हिवाळा संपेपर्यंत टिकतील, कदाचित तेवढ्याही नाही. पियानो आणखी खाली जाईल, तिचा कान कुठे जाईल ते कोण सांगणार, आणि दोघं किती दिवस एका जागी भेटतील मला माहीत नाही. मला भीती वाटते, भोंग्या. फुलदाणीखालचा तो कागद मी अजून फाडलेला नाही.

तू म्हणाला होतास, बाबा हा लावतील त्या दिवशी घरात पाऊल टाकीन. लावलाय. बाबांच्या चावीने, त्यांनी शिकवलेल्या हाताने, आणि सूर आईचा. यापेक्षा जास्त आता या घरात कोणी करू शकत नाही. तेवढं धरून चाल.

मी तिला सांगितलंय, येतोय. मला खोटं पाडू नकोस.

ठमी